निवेदन दिलं, पुढं काय? गल्लीतला रस्ता सुरक्षित करून घेण्याची पद्धत

प्रश्न असा आहे: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या चार मंडळांनी मिळून महापालिकेला निवेदन दिलं. मागणी दोन ओळींची होती. शाळेला जाणाऱ्या मुलांसाठी सायकल ट्रॅक करा आणि रस्त्यावर स्पीड ब्रेकर टाका. पोच मिळाली, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडला आणि त्यानंतर काहीच हाललं नाही. आता मोर्चा काढायचा, की दुसरी काही वाट आहे?

मोर्चाला माझा विरोध नाही. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी कोल्हापूर रस्त्यावर उतरलं की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पण तिथं मागणी होती ‘रद्द करा’. रद्द करायला नकाशा लागत नाही, बांधायला लागतो. तुमचं निवेदन कुणी फेटाळलेलं नाही. त्यावर काही करताच येत नाही म्हणून ते पडून आहे. ‘सायकल ट्रॅक करावा’ एवढंच वाक्य कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर आलं, तर कुठून कुठपर्यंत, किती रुंदीचा आणि कोणत्या कामात धरायचा, यातलं त्याला काहीच कळत नाही. त्याला अंदाजपत्रकात उचलून घालता येईल असं काहीतरी द्यावं लागतं. त्यासाठी सव्वा-दीड किलोमीटरचा एकच मार्ग निवडा. त्यावरच्या पाच-सहा धोक्याच्या जागा घ्या आणि प्रत्येक जागेचं माप लिहा.

आधी सायकल ट्रॅकचा हट्ट सोडा, निदान पेठांपुरता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या मापदंडांत एकेरी ट्रॅकला किमान २ मीटर आणि दुहेरीला ३ मीटर रुंदी धरतात. चालण्यासाठी मोकळा फुटपाथ किमान १.८ मीटर. दोन्ही बाजूंचे ट्रॅक आणि फुटपाथ मिळून ७.६ मीटर झाले. ट्रॅक आणि गाड्यांच्या मध्ये अर्ध्या-अर्ध्या मीटरची पट्टी, आणि गाड्यांसाठी ३ मीटरच्या दोन लेन. बेरीज १४.६ मीटर, आणि यात पार्किंग, खांब, झाडं, गटार काहीच धरलेलं नाही. म्हणजे १५ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर ट्रॅक मागणं म्हणजे नकार मागून घेणं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ किंवा राजारामपुरीतल्या आतल्या गल्ल्यांत ट्रॅक बसत नाही आणि त्याची गरजही नाही. तिथं गाड्यांचा वेग ताशी ३० किमीच्या खाली आणला की सायकल त्याच रस्त्यावरून सुखरूप जाते. खरा ट्रॅक लागतो तो जिथं बस, ट्रक आणि वेगातल्या मोटारी आहेत तिथं: तावडे हॉटेलकडून शहरात येणारा रस्ता, विद्यापीठाचा रस्ता, कसबा बावड्याचा रस्ता, रंकाळ्यावरून फुलेवाडीकडे जाणारा रस्ता.

नुसती पांढरी रेघ ओढून केलेला ट्रॅक मात्र कुठंच मागू नका. संध्याकाळी तिथं दुचाक्या लागतात, आणि मग ‘ट्रॅक केला होता, कोणी वापरला नाही’ हे वाक्य पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. पुण्यात बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गाच्या, रस्त्यांकडेनं झालेल्या अनेक ट्रॅकचं हेच झालं. मध्येच संपणारे, पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्ये विजेचा डीपी. पुणे महापालिकेनं डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, तरी तुटक ट्रॅकचं दुखणं त्यानं बरं झालं नाही.

आता वेगाबद्दल, कारण सगळं तिथंच अडतं. ताशी ३० किमीनं येणाऱ्या चालकाला समोर मूल दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत साधारण १३ मीटर लागतात. ५० नं येणाऱ्याला सुमारे २८ मीटर. हा हिशेब कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि एका सेकंदात पाय ब्रेकवर जाणारा चालक धरून केला आहे. पावसात आणि गुळगुळीत टायरवर दोन्ही आकडे वाढतात. ५० च्या गाडीच्या धडकेतली ऊर्जा ३० च्या जवळपास पावणेतीन पट असते. आणि कायदा काय म्हणतो? केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर मोटारीला कमाल ७० आणि दुचाकीला ६० ची मर्यादा आहे. स्थानिक पातळीवर ती कमी करता येते, पण त्यासाठी रीतसर आदेश निघावा लागतो. तो नसेल तर मंडळानं स्वखर्चानं लावलेला ‘वेग ३०’ चा फलक म्हणजे नुसता पत्रा.

म्हणून पहिलं काम मोजणी. स्पीड गन लागत नाही. रस्त्याच्या कडेला टेपनं ४० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूनं खूण करा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर आलं की मोबाईलचं स्टॉपवॉच सुरू, दुसऱ्या खुणेवर बंद. १४४ ला आलेल्या सेकंदांनी भागा, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये मिळतं. ४.८ सेकंद म्हणजे ३०, ३.६ म्हणजे ४०, २.९ म्हणजे ५०. अशा किमान शंभर गाड्या घ्या. मात्र ज्यांच्यापुढं रस्ता मोकळा आहे अशाच गाड्या निवडा. रांगेत अडकलेल्या गाडीचा वेग काही सांगत नाही. शंभर आकडे चढत्या क्रमानं लावले की पंच्याऐंशीवा आकडा हा अभियंत्याच्या भाषेतला वेग, म्हणजे पंच्याऐंशी टक्के गाड्या त्याच्या आत असतात. सरासरी देऊ नका, ती नेहमी सभ्य दिसते.

या मोजणीत हमखास होणारी चूक म्हणजे पोरं टी-शर्ट घालून, मोबाईल समोर धरून रस्त्याकडेला उभी राहतात. चालकांना वाटतं फोटो काढतायत, आणि सगळे हळू होतात. बंद दुकानाच्या पायरीवर बसून मोजा. दुसरी चूक म्हणजे फक्त रविवारी सकाळी मोजणं, कारण कार्यकर्त्यांना तेव्हाच वेळ असतो. शाळा भरताना, शाळा सुटताना आणि रात्री ९ नंतर, अशा तीन वेळा हव्यात. रात्री रस्ता मोकळा होतो आणि वेग तेव्हाच वाढतो.

सायकलींची मोजणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यात करा आणि माणसांची वर्गवारी ठेवा: शाळेची मुलं, कामगार, दूध-पेपरवाले, ज्येष्ठ, महिला. याचं कारण सांगतो. रंकाळ्यावर पहाटे हेल्मेट घालून फिरणाऱ्या सायकलस्वारांचा आवाज पोहोचतो, त्यांचे ग्रुप आहेत, वर्तमानपत्रात फोटो येतात. शिवाजी उद्यमनगरात लेथवर कामाला जाणारा माणूस डब्याची पिशवी अडकवून रोज त्याच रस्त्यानं जातो आणि कुठल्याच बैठकीत नसतो. आकड्यांत तो दिसला पाहिजे. मार्ग ठरवतानाही त्याची वेळ आणि त्याची वाट धरा. हौशी माणूस वळसा घालून जाईल, कामाला जाणारा जाणार नाही.

पंचगंगेच्या बाजूला किंवा बावड्याकडे राहत असाल तर मोजणी दोनदा करा, एकदा पावसाळ्यात आणि एकदा गळीत हंगामात. राजाराम कारखाना बावड्यातच आहे. हंगामात उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या त्या रस्त्यावर असतात. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसतो, आणि अंधारात सायकलवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. यावर रस्त्याचं डिझाइन हा उपाय नाही. कारखाना आणि आरटीओकडे ‘रिफ्लेक्टरशिवाय ट्रॉली वजनकाट्यावर घेऊ नये’ ही एका ओळीची मागणी हंगाम सुरू होण्याआधी करा.

अपघातांचे आकडे माहितीच्या अधिकारात मागा. पोलीस आता अपघाताची नोंद स्थळासह संगणकीय प्रणालीत करतात, त्यामुळं ‘अमुक चौक ते अमुक चौक, गेली तीन वर्षं, तारीख, वेळ, वाहनप्रकार, जखमीचा प्रकार’ असं मागता येतं. नावं मागू नका, ती मिळणार नाहीत आणि लागतही नाहीत. फक्त या आकड्यांवर सगळी भिस्त ठेवू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार ब्लॅकस्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरायला ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू लागतात. ही व्याख्या महामार्गासाठी आहे. शाळेसमोरचा चौक त्यात कधी बसणार नाही, आणि बसावा अशी वाट पाहणंही बरं नव्हे. सायकलवरून पडून गुडघा फुटला तर कोणी पोलिसांत जात नाही. म्हणून शाळेतून एका पानाची माहिती गोळा करा: कशानं येता, कुठं भीती वाटते, गेल्या महिन्यात कुठं पडला किंवा थोडक्यात वाचला. मुलं जागा अचूक सांगतात. तीस-चाळीस पानं एकाच वळणाकडं बोट दाखवायला लागली की तो मुद्दा टाळणं कुणालाही जड जातं.

मग रस्ता कोणाचा हे शोधा. इथंच निम्मी निवेदनं चुकतात. शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे असले तरी काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहेत, पुणे-बंगळूर महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि परीख पुलासारख्या जागी वरून रेल्वे जाते म्हणून तिथं रेल्वेच्या परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नाही. एकेरी वाहतूक, पार्किंग बंदी, अवजड वाहनांच्या वेळा हे महापालिका ठरवत नाही. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं हे विषय शहर वाहतूक शाखेमार्फत पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. तुमचं काम राजारामपुरीच्या कार्यालयातल्या उपशहर अभियंत्याकडे. आयुक्तांच्या नावे पत्र द्याच, पण प्रत तिथं द्या आणि आवक क्रमांक तिथलाही घ्या.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, कारणं ही माहिती नव्हे. कागद मागा: त्या रस्त्याचं शेवटचं डांबरीकरण कधी झालं, कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत, दोषदायित्व कालावधी कधी संपतो, आणि पुढच्या कामाचं अंदाजपत्रक तयार असेल तर त्याची प्रत. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहण्याची सोय शासनानं करून दिली आहे. अर्जापेक्षा तिथं जाऊन फाईल चाळणं कित्येकदा लवकर होतं.

या सगळ्यात दोषदायित्व कालावधी हा तुमचा सर्वांत मोठा मित्र आणि शत्रूही. कालावधी चालू असेल तर खड्डा, बसलेलं चेंबर, उडालेले पट्टे ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचे असतात. पण त्याच काळात रस्ता फोडून नवीन काही करायला अभियंता तयार होत नाही, कारण मग ठेकेदार हात वर करतो. म्हणून निवडायचा मार्ग असा असावा, की ज्याचं डांबरीकरण येत्या वर्षात व्हायचं आहे. कोल्हापुरात रस्त्यांची कामं दिवाळीनंतर सुरू होतात आणि मे अखेर संपवावी लागतात. त्यांची अंदाजपत्रकं त्याआधी तयार होतात. जून ते ऑगस्ट मोजणी आणि पाण्याची पाहणी, सप्टेंबरमध्ये आराखडा, ऑक्टोबरच्या आत अभियंत्याच्या हातात. निविदा निघाल्यावर दिलेली सूचना म्हणजे ‘अतिरिक्त बाब’, आणि अतिरिक्त बाबीला लेखापरीक्षणाच्या भीतीनं कोणी हात लावत नाही. तीच गोष्ट दोन महिने आधी दिली तर ती साधी एक ओळ असते. स्वतंत्र निधी हवा असेल तर जानेवारीच्या आत आयुक्त, स्थायी समिती आणि तुमच्या प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांकडे जा. एकाला सांगून दुसऱ्याला वगळलं तर काम अडतं.

पैशाची आणखी एक वाट बहुतेकांना माहीत नसते. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत कोल्हापूर आहे. आपल्याकडच्या प्रदूषणात रस्त्यावरच्या धुळीचा मोठा वाटा असतो, आणि धूळ उडते ती डांबराच्या कडेपासून भिंतीपर्यंतच्या उघड्या मातीच्या पट्ट्यातून. तो पट्टा बांधून फुटपाथ करणं म्हणजे धूळ कमी करणं. मागणीच्या पत्रात ‘मुलांची सुरक्षितता’ सोबत ‘धूळ नियंत्रणासाठी कडेपासून कडेपर्यंत बांधणी’ ही ओळ घाला. त्यानं फाईलला दुसरं दार उघडतं.

आता प्रत्यक्ष काय मागायचं. एकेका जागेची नोंद अशी लिहा: ‘ठिकाण ३, शाळेचं फाटक. डांबरी रुंदी (टेपनं मोजलेली). सकाळी शाळा भरण्याआधीच्या अर्ध्या तासात ओलांडणारी मुलं (आकडा). पंच्याऐंशी टक्क्यांचा वेग (आकडा). मागणी: उंचावलेलं क्रॉसिंग, माथा ४ मीटर, उंची १० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना १:१५ उतार.’ सोबत एक फोटो आणि हातानं काढलेलं रेखाचित्र. पाच जागांची पाच पानं, याहून जाड करू नका.

उंचावलेलं क्रॉसिंग, ज्याला अभियंते टेबल टॉप म्हणतात, हा माझ्या मते सगळ्यात जास्त काम करणारा उपाय आहे. गाडी हळू होते आणि चालणारा फुटपाथच्या जवळपास उंचीवरूनच पलीकडं जातो. १० सेंटिमीटर उंचीला १:१५ उतार म्हणजे दीड मीटर लांबी. केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस जात नसेल तर १:८ चालतो, म्हणजे ८० सेंटिमीटर. चुकतं कुठं? पाण्यात. आपल्याकडं पावसाचं पाणी रस्त्याच्या कडेनं वाहतं, आणि टेबल टॉप हा त्याला बांध होतो. पहिल्याच जूनमध्ये दुकानात पाणी शिरतं आणि तिसऱ्या दिवशी ते फोडलं जातं. म्हणून कडेला जाळीची चर किंवा खालून पाइप हे अंदाजपत्रकातच असलं पाहिजे, आणि चढाच्या बाजूला पाण्याचं चेंबर असेल तर टेबल टॉप त्याच्या खालच्या अंगाला घ्या. म्हणूनच पाण्याची पाहणी पावसात करायची. जोराची सर आली की छत्री घेऊन निघा, पाणी कुठं तुंबतं त्याचे फोटो काढा. सायकलवाला खड्ड्यापेक्षा तुंबलेल्या पाण्याला जास्त घाबरतो, कारण खाली काय आहे ते दिसत नाही. तो मध्ये सरकतो आणि मागून येणारी गाडी त्याला धरते.

स्पीड ब्रेकर तुम्ही मागितलाच आहे, तर नीट मागा. आयआरसीचा गोलसर हंप ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून २५ च्या वेगानं गाडी आरामात जाते. गल्लीत रात्रीतून उगवणारा मीटरभर रुंदीचा, वीतभर उंचीचा डांबराचा ढीग म्हणजे स्पीड ब्रेकर नव्हे. त्यावर रिक्षातल्या गरोदर बाईची कंबर जाते, दूधवाल्याची किटली सांडते, आणि मोटारसायकलवाला कडेच्या फटीतून, म्हणजे नेमका चालणाऱ्यांच्या अंगावर जातो. ४० मीटर आधी फलक आणि हंपवर पांढरे पट्टे, दोन्ही त्याच कामात मागा. खिळ्यांनी ठोकलेले रबरी ब्रेकर नाकारा. वर्षभरात रबर तुटतं आणि खिळे वर राहतात. एक अडचण खरी आहे: हंपला कडेला सायकलसाठी फट ठेवली तर दुचाक्याही तिथूनच जातात. माझं मत, फट ठेवू नये, उतार सौम्य करावा.

बोलार्डचंही, म्हणजे वाट अडवणाऱ्या बुटक्या खांबांचंही, तसंच. खांबांमधून मोटारसायकल जाऊ नये म्हणून अंतर कमी केलं की व्हीलचेअरही अडते. व्हीलचेअर जाईल तिथून दुचाकी जाणारच. बोलार्ड मोटारी अडवायला वापरा. दुचाकीसाठी पोलीस आणि शेजाऱ्यांची नजर, दुसरा उपाय नाही.

चौकातल्या कोपऱ्याची गोलाई हा दुर्लक्षित विषय. कोपरा जितका मोठ्या वळणाचा, तितकी गाडी ब्रेक न मारता वळते. गल्लीच्या तोंडाशी चार-पाच मीटरची त्रिज्या पुरते. अग्निशमनाचा बंब येईल का, ही शंका हमखास निघते. तिचं उत्तर चर्चेनं देऊ नका. कोपऱ्यात ट्रॅफिकचे प्लास्टिक कोन ठेवून बंबच वळवून दाखवायला सांगा.

उरलेल्या बारीक गोष्टी पटकन सांगतो, पण सायकलवाल्याचा जीव यांच्यातच अडकतो. गटाराच्या जाळीच्या सळ्या वाहतुकीच्या दिशेला आडव्या हव्यात, उभ्या असतील तर चाक आत जातं. डांबराचा नवा थर दिला की चेंबरची झाकणं खाली राहतात. ती उचलून रस्त्याच्या पातळीला आणण्याची बाब अंदाजपत्रकात वेगळी दाखवलेली असली पाहिजे, नाहीतर ‘त्यात नव्हतं’ असं उत्तर येतं. पट्टे थर्मोप्लास्टिकचे, २.५ मिलिमीटर जाडीचे. ऑइल पेंटचे पट्टे पावसात निसरडे होतात आणि दुचाकी घसरते. ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक नको, डांबर किंवा काँक्रीट हवं.

जागा ठरल्या की अभियंत्याचा संशय एकच असतो, ‘हे चालेल का?’ तो चाचणीनं दूर होतो. विभागीय कार्यालय आणि वाहतूक शाखा दोघांची लेखी परवानगी घ्या आणि आठवडाभर कोन, वाळूची पोती आणि चुन्याच्या रेषांनी कोपरा अरुंद करून दाखवा. कोन रात्री गायब होतात. त्याऐवजी जुने टायर पांढरे रंगवून मातीनं गच्च भरा. रिकामे ठेवले तर पाणी साचून डास होतात आणि आरोग्य विभागाची नोटीस तुम्हालाच येते. चाचणीआधी आणि चाचणीत, त्याच जागी, त्याच वेळी वेग मोजा. दोन आकडे शेजारी ठेवले की बैठक दहा मिनिटांत संपते.

विरोध पार्किंगवरून होणार, हे धरून चाला. दुकानदाराशी तत्त्वावर वाद घालू नका. दर अर्ध्या तासानं त्या पट्ट्यातल्या गाड्यांच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहून काढा, सकाळी १० ते रात्री ८. सकाळी लागून रात्रीच हलणाऱ्या गाड्या किती, ते आपोआप दिसतं. त्यात बरेचदा दुकानांच्या स्वतःच्याच गाड्या निघतात. हे जाहीर सभेत सांगू नका, आधी त्यांच्या असोसिएशनच्या अध्यक्षाला एकट्याला दाखवा. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली मावतात, हा मुद्दा नंतर. माल उतरवण्याची वेळ मात्र त्यांना द्याच, सकाळी ९ च्या आधी किंवा दुपारी. ती नाकारली तर सगळा आराखडा गेला. फेरीवाल्यांचंही तसंच. महाद्वार रोडसारख्या ठिकाणी फुटपाथ मोकळा करा म्हणताना त्यांची जागा कुठं, हे तुमच्या रेखाचित्रात दिसलं नाही तर भांडण गरिबाशी लावून दिल्यासारखं होतं.

मंडळं तुमची ताकद आहेत, पण त्यांच्यापुढं दोन गोष्टी आधीच काढा. मिरवणुकीच्या मार्गावर, म्हणजे पापाची तिकटी-गंगावेश अशा पट्ट्यात, उंच मूर्तीच्या ट्रॉलीला अडेल असं दुभाजक किंवा मध्यावरचा खांब टिकणार नाही. तिथं काढता येणारे खांब मागा. आणि मांडवाच्या खांबांसाठी नव्या डांबरात खड्डे घेणं बंद करून वाळूच्या पिंपात खांब उभे करायचे, हे मंडळांनी स्वतः लिहून द्यावं. असं पत्र जोडलेला प्रस्ताव अभियंता वेगळ्या नजरेनं वाचतो.

उत्तर येत नसेल तर चढत्या क्रमानं जा. विभागीय कार्यालय, शहर अभियंता, महापालिकेचा लोकशाही दिन, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. समितीपुढं विषय घ्यायला लावला की पोलीस, बांधकाम, आरटीओ आणि महापालिका एकाच टेबलावर येतात आणि ‘तो रस्ता आमचा नाही’ हे उत्तर बंद होतं. पत्रात मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ नमूद करा. ठरवून दिलेले मापदंड न पाळल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर रस्त्याची जबाबदारी असलेली यंत्रणा किंवा ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. चालण्यायोग्य फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये म्हटलं. खड्ड्यामुळं मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यावेत असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. हे मुद्दे धमकीसारखे लिहू नका. आराखड्याच्या शेवटी दोन ओळी पुरेत. कायदा वाचून आलेली माणसं आणि मापं घेऊन आलेली माणसं यांत अभियंता दुसऱ्यांना खुर्ची देतो.

काम मंजूर झाल्यावर घरी बसू नका. डांबरीकरण बहुधा रात्री होतं. दोघांनी त्या रात्री अंदाजपत्रकाची प्रत आणि टेप घेऊन तिथं असावं. टेबल टॉपची उंची, उताराची लांबी, चेंबरची पातळी, जाळीची दिशा, एवढं पाहा. डांबर गरम असताना दुरुस्ती फावड्यानं होते, सकाळी त्यालाच डांबर फोडायचं मशीन लागतं. चूक दिसली तर कामगाराशी बोलू नका, त्याच्या हातात काही नसतं. कनिष्ठ अभियंत्याला फोन करा आणि त्याच नंबरवर फोटो पाठवा. तीन महिन्यांनी, त्याच ४० मीटरच्या खुणांवर, त्याच वेळांना पुन्हा वेग मोजा. तो आकडा वाढो की घटो, पुढच्या मार्गाच्या अर्जाला तो पहिल्या पानावर लावा.